ओळभर नाव

डूंगराणीच्या ठाकुरांचा निरोप आला तेव्हा जेठ महिना तापला होता आणि राव छोगजी ओसरीच्या सावलीत बसून वहीच्या पानांमध्ये कडुनिंबाचा वाळला पाला घालत होता. पाला असला की कसर लागत नाही. निरोप घेऊन आलेला स्वार उंटावरून खाली उतरलाही नाही.

"वही घेऊन बोलावलंय. आत्ता."

छोगजीला नवल वाटलं. वंशावळीचा भाट जहागिरीत जातो तो दिवाळी उलटल्यावर, तेही तीन वर्षांतून एकदा. त्याचा बाप तसाच जायचा, आजा तसाच जायचा. गढीच्या चौकात बाज टाकायची, तिच्यावर लाल फडक्यात बांधलेली वही ठेवायची, वहीला कुंकू लावायचं, सगळे भाऊबंद जमले की मूळ पुरुषापासून नावं वाचायची आणि मधल्या तीन वर्षांत जे जन्मले त्यांची नावं खाली लिहायची. डूंगराणीच्या राठोडांच्या सतरा पिढ्या छोगजीला तोंडपाठ होत्या. कोण कुठल्या लढाईत पडला, कोणामागे कोण सती गेली, कोणी तळं खोदलं आणि कोणी सख्ख्या भावाला मारून गादी घेतली, सगळं त्याच्या जिभेवर होतं. वाईटही लिहिलेलं होतं, कारण वही खोटं बोलत नाही अशी तिची ख्याती होती. मुलींची नावं मात्र तिच्यात नसत. दासींच्या पोटच्यांची तर नसतच नसत.

"आत्ता जेठात काय निघालं? कोणी जन्मलं का?" छोगजीने विचारलं.

"जन्मलं नाही, मेलंय," स्वार म्हणाला. "पण ते तुमच्या वहीतलं नव्हे."

वाटेत त्याने सगळं सांगितलं. दोन वर्षं पाऊस नव्हता. आजूबाजूच्या दहा गावांत गोड्या पाण्याची एकच विहीर उरली होती, दल्ला जाटाची. चार दिवसांपूर्वी ठाकुरांचा मुलगा कुंवर मोहबतसिंह आपले घोडे तिथे पाण्यावर घेऊन गेला. दल्ला हौदापुढे हात पसरून उभा राहिला. म्हणाला, "कुंवरसा, आधी माणसं पितील, मग गुरं. उरलं तर घोडे." कुंवरने घोड्यावरूनच गोळी घातली. भर दुपार होती आणि हौदावर अकरा माणसं पाणी भरत होती.

"मग?"

"मग काय! पूर्वी असलं काही झालं की गावातल्या गावात मिटायचं. या खेपेला जाटांनी प्रेत जाळलं नाही. गाडीत घातलं आणि थेट राजधानीला नेलं. तिथून पोलीस आले. त्यांचा साहेब म्हणतो, ज्याने गोळी झाडली तो माणूस आठ दिवसांत हजर करा."

वाटेवर मेलेल्या गाईंचे सापळे पडले होते आणि गिधाडांनाही आता उडायचा कंटाळा आला होता.

गढीत त्याला कोणी चौकात बसवलं नाही. थेट वरच्या दालनात नेलं. ठाकूर शिवनाथसिंह एकटेच बसले होते. साठी ओलांडलेली, पांढरी दाढी मधोमध भांग पाडून दोन्ही गालांवर वळवलेली. आवाज कधी चढायचा नाही. आयुष्यभर ज्याचं ऐकलं गेलं त्याला आवाज चढवायची गरज पडत नाही.

"बसा रावजी. आधी पाणी घ्या."

छोगजीने पाणी घेतलं. पाणी गोड होतं. ते कुठल्या विहिरीचं असेल हे त्याने मनात येऊ दिलं नाही.

"खेमाला ओळखता ना?"

खेमाला कोण ओळखत नव्हतं! ठकुराणी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर आंदण म्हणून ज्या दासी आल्या त्यांत धापू होती. दोन वर्षांनी तिला खेमा झाला. कोणाचा, हे गढीत कोणी कधी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. तेच लांब नाक, उभं राहिलं की डावा खांदा किंचित खाली सोडायची तीच लकब. शिकारीला ठाकुरांच्या मागे बंदूक घेऊन तोच चालायचा. एकदा जखमी डुक्कर ठाकुरांवर धावलं तर खेमा मध्ये पडला. मांडी फाटली, तेव्हापासून लंगडायचा.

"तो कबूल व्हायला तयार आहे," ठाकूर म्हणाले. "गोळी माझ्या हातून सुटली असं सांगेल. हौदावरच्या माणसांना काय सांगायचं ते मी पाहून घेतो."

"हुकम," छोगजीने अदबीने हुंकार दिला.

"त्याने एक अट घातली आहे. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. म्हणाला, वहीत माझं नाव लिहा. तुमचा मुलगा म्हणून."

छोगजीने लोटा खाली ठेवला. "हुकम, असं आजवर कधी..."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर तुम्हाला आधी एकट्याला बोलावलं." ठाकूर खिडकीकडे पाहत होते. "वही बाटवा असं मी सांगत नाही, रावजी. वही राखा असं सांगतोय. त्याला वाचता येतं का?"

"नाही."

"मग झालं तर. लिहिताना त्याला दिसलं पाहिजे. काय लिहिलं ते तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक."

नाही म्हणावं असं छोगजीच्या मनात आलं नाही असं नाही. आलं, आणि त्यापाठोपाठ दुसरंही आलं. नाव खरंच लिहिलं तर सतरा पिढ्यांची वही नासते, भाऊबंद उठतात, उद्या प्रत्येक गढीतला प्रत्येक दासीपुत्र भाटाच्या दारात उभा राहतो. नाही लिहिलं तर वही स्वच्छ राहते. आणि खेमा तर कसाही जाणारच. त्याने नाही म्हटलं तरी त्यालाच बांधून नेतील. मग जाताना त्या बिचाऱ्याला थोडं समाधान मिळालं तर त्यात कोणाचं काय गेलं? छोगजीला हा विचार पटला. नंतर पुढे कितीतरी दिवस तो स्वतःला हेच पटवत राहिला.

"जशी आज्ञा," तो म्हणाला.

खेमाला आणलं तेव्हा तो नुकताच न्हालेला होता. दुष्काळात अख्खी घागर अंगावर घेतली म्हणून खूश होता. डोक्याला नवा केशरी साफा. लंगडत आला आणि वहीसमोर मांडी घालून बसला. छोगजीने वही उघडली, शेवटचं पान काढलं, दौतीत बोरू बुडवला.

"रावजी, हात कापतोय की तुमचा. आज अफू कमी पडली वाटतं?"

"म्हातारपण आहे रे बाबा."

"म्हातारपण असू द्या, पण लिहा मात्र ऐसपैस. इतक्या वर्षांनी लिहिताय, शाईचा कंजूषपणा नको."

ठाकूर हसले. छोगजीनेही हसल्यासारखं केलं आणि लिहिलं. त्याच्या बापाने दुष्काळाच्या साली जशी नोंद केली होती, अगदी तशीच त्याने केली. संवत १९९५. पाऊस नाही. चारा नाही. गुरं फार मेली.

खेमा वाकून बघत होता. शाई वाळेपर्यंत त्याने श्वास रोखला असावा. मग म्हणाला, "बोट लावू का? विटाळ नाही ना होणार?"

"लाव," ठाकूर म्हणाले.

"रावजी, माझं नाव कुठून सुरू होतं? खेमातला 'खे' कुठला?"

छोगजीने 'पाऊस' या शब्दावर बोट ठेवलं. "हा बघ."

"आणि सिंह? सिंह लिहिलंय ना?"

छोगजीने ओळीचं शेवटचं टोक दाखवलं. खेमाने आपलं जाडं, बंदुकीच्या दारूने काळवंडलेलं बोट इकडून तिकडे सावकाश फिरवलं. लंगड्या माणसाने काठी टेकत वाट संपवावी तसं.

"केवढं लांब आहे!" तो म्हणाला.

ठाकुरांनी उठून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "खेमसिंह," त्यांनी हाक मारली. खेमाचे डोळे भरून आले. तो त्यांच्या पायांवर कोसळला आणि म्हणाला, "दाता." गढीत बापाला म्हणायचा हा शब्द ठाकुरांना उद्देशून फक्त एकच जण वापरू शकत होता. तो तेवढ्यात दारात येऊन उभा राहिला.

"झालं का?" कुंवर मोहबतसिंहाने विचारलं. "ऊन चढतंय. उंट तयार आहेत."

खेमा उठला, डोळे पुसले आणि मोठ्या भावाने धाकट्याकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षांनी तो थोरला होताच. "चला कुंवरसा," तो म्हणाला, "पण पुढच्या खेपेला घोड्यांना घरीच पाणी पाजत जा."

निघताना ठाकुरांनी छोगजीला एक पांढरी सांडणी आणि शाल दिली. छोगजीने ती घेतली.

मार्गशीर्षात खेमाला राजधानीच्या तुरुंगात फाशी दिलं. छोगजीला ते पाली गावच्या बाजारात कळलं. सांगणारा मीठ विकत होता. "दोरी गळ्यात घालताना नाव विचारलं म्हणे," मीठवाला म्हणाला. "तर म्हणाला, खेमसिंह शिवनाथसिंह राठोड. कागदावर नुसतं खेमा होतं. साहेब गोंधळला. तर हा म्हणतो, तुमचा कागद चुकलाय, आमची वही बघा."

छोगजीने मीठ न घेताच पिशवी खांद्यावर टाकली. घरी येऊन दोन दिवस तो जेवला नाही. मुलाने, उगमाने, विचारलं तर म्हणाला, पोट बिघडलंय.

संवत छप्पनच्या दुष्काळाच्या गोष्टी म्हातारे सांगत, पण शहाण्णवच्या सालाने त्यांनाही गप्प केलं. त्यानंतरच्या वर्षी कुठे पाऊस झाला. बाजरी पिकली, तळी अर्धी भरली, लोकांनी मेलेल्यांची मोजदाद सोडून लग्नांच्या तिथी काढायला घेतल्या. दिवाळी उलटली आणि डूंगराणीची पाळी आली. छोगजीने उगमाला पाठवून पाहिलं. तो परत आला. "तुम्हीच हवेत म्हणतात. कुंवरसाचा टिळा आहे, सोयरीक पक्की व्हायचीय. मेवाडातलं मोठं घराणं आहे. त्यांचे लोक वही ऐकायला येणार आहेत. आपलं कूळ किती जुनं ते त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय."

छोगजी गेला. गढी रंगवली होती. पाहुण्यांसाठी चौकात कनाती लावल्या होत्या. पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. छोगजीला तबेल्यालगतची त्याची नेहमीची खोली दिली. दुपारी तो पडला होता, तेव्हा दारात कोणाची तरी सावली उभी राहिली.

धापू होती. केस पांढरे झाले होते, ओढणी मळकी, हातात नारळ आणि पानावर गुळाचा खडा.

"रावजी, आत येऊ?"

"ये बाई."

ती आली, वहीसमोर बसली, नारळ ठेवला, गूळ ठेवला, कपाळ जमिनीला टेकवलं. देवासमोर टेकतात तसं. मग म्हणाली, "तुमची दोन वर्षं वाट बघितली. तुम्ही आलाच नाहीत. मला एकदा वाचून दाखवा."

"काय?"

"अहो काय म्हणजे! माझ्या पोराचं नाव." ती हसली. वरचे दोन दात पडले होते. "तुरुंगात भेटायला गेले होते ना मी. चार दिवस चालत. मला म्हणाला, आई, रडतेस काय, मी बोट लावून बघितलंय. ओळभर नाव आहे माझं. कुंवरचं सुद्धा एवढं लांब नसेल. म्हणाला, तू आता नुसती दासी नाहीस, खेमसिंहाची आई आहेस. मीच वेडी, म्हटलं, मेल्या, नाव काय चाटायचंय? तर म्हणाला, तुला नाही कळायचं." ती थांबली. "नाहीच कळलं. पण आता नावाशिवाय माझ्याकडे दुसरं आहे तरी काय? वाचा."

छोगजीने वही उघडली. तेच पान. पाऊस नाही. चारा नाही. त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं आणि मनातल्या मनात जुळवून मोठ्याने वाचलं, "ठाकूर शिवनाथसिंहांचे पुत्र खेमसिंह."

"पुन्हा."

त्याने पुन्हा वाचलं. धापूने डोळे मिटून ऐकलं. मग ती पुढे झाली आणि त्या ओळीवरून तिने हात फिरवला, पोराच्या पाठीवरून फिरवतात तसा. गूळ तिथेच ठेवून गेली.

छोगजीला त्या रात्री झोप लागली नाही. दिवस उजाडल्यावर त्याने अंघोळ केली, दार लावून घेतलं, दौत उघडली आणि दुष्काळाच्या ओळीखाली लिहिलं. ठाकूर शिवनाथसिंहांचा थोरला मुलगा खेमसिंह, आई धापू. धाकट्या भावाचा गुन्हा अंगावर घेऊन फासावर गेला. लिहिताना त्याचा हात कापला नाही. आपण आता केलं ते बरोबर केलं असं त्याला वाटलं. बऱ्याच दिवसांनी वाटलं. बाहेर ढोल वाजायला लागले होते.

चौक भरला होता. एका बाजूला मेवाडचे पाहुणे, दुसऱ्या बाजूला डूंगराणीचे भाऊबंद, मध्ये ठाकूर आणि कुंवर. ओंजळीतून अफूचं पाणी पाजून झालं. वर झरोक्याच्या जाळीमागे बायका बसल्या होत्या. छोगजीने वाचायला सुरुवात केली. मूळ पुरुष, त्याचे सात मुलगे, त्यातल्या तिसऱ्याने डूंगराणी वसवली. पाहुणे माना डोलावत होते. लढाया आल्या, सती आल्या, तळं आलं. भावाला मारून गादी घेणारा आला तेव्हाही माना डोलल्या, कारण त्याला दोनशे वर्षं झाली होती. शेवटी ठाकूर शिवनाथसिंह आले.

छोगजीने श्वास घेतला आणि पुढची ओळ वाचली. थोरला मुलगा खेमसिंह, आई धापू.

चौकात कोणी हललं नाही. भावाच्या गुन्ह्यावर तो आला तेव्हा कुंवर अर्धवट उठला. ठाकुरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

मेवाडकडचा म्हातारा सरदार म्हणाला, "रावजी, पुन्हा वाचा. मला कमी ऐकू येतं."

छोगजीने पुन्हा वाचलं, मघापेक्षा मोठ्याने.

"रावजींचं वय झालं," ठाकूर शांतपणे म्हणाले. "आणि आमची अफू जरा कडक आहे."

दोघेचौघे हसले. तेवढ्यात भाऊबंदांतले सर्वांत वडीलधारे काका जोरावरसिंह उठले. त्यांचा एक डोळा गेलेला होता, पण दुसरा घारीचा होता. ते बाजेजवळ आले, वहीवर वाकले, आणि त्या ओळीवर जिभेने ओला केलेला अंगठा दाबून त्यांनी तो वर धरला. अंगठा काळा झाला होता.

"शाई कच्ची आहे," काका म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीचं माणूस आणि शाई आज सकाळची. वरच्या ओळी बघा, तपकिरी पडल्यात. ही कोळशासारखी काळी." त्यांनी अंगठा पाहुण्यांच्या दिशेला फिरवला, मग आपल्या लोकांच्या दिशेला. "भाटाला कोणीतरी पाजलंय. जाटांनी पाजलं असेल."

आता सगळेच हसले. हसण्यात सुटकेचा आवाज होता. मेवाडच्या म्हाताऱ्याने छोगजीकडे एकदा निरखून पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं, हे छोगजीला दिसलं. पण टिळ्याचं ताट आलं होतं, आणि त्याची नात उपवर होती. त्याने नजर काढून घेतली.

"कोणी वहीला हात लावू नका," ठाकूर म्हणाले. "वही त्यांची आहे, त्यांच्याजवळच राहू दे. डूंगराणीची वही मात्र आजपासून दुसरा भाट लिहील. रावजींना जेवू घाला आणि वाटेला लावा."

छोगजी जेवला नाही. पांढरी सांडणी त्याने तबेल्यात तशीच बांधलेली ठेवली, वही फडक्यात गुंडाळून काखेत घेतली आणि पायी निघाला. अंगात बळ आल्यासारखं वाटत होतं. हसले तर हसले, चारशे माणसांनी ऐकलं होतं. वर जाळीमागे धापूनेही ऐकलं असेल, तिला बरं वाटलं असेल, असं मनात घोळवत तो तळ्याच्या बांधापर्यंत आला.

धापू बांधावर उभी होती. पळत आली असावी, धापा टाकत होती.

"ऐकलंस ना?" छोगजी म्हणाला. "सगळ्यांसमोर वाचलं मी. दोनदा वाचलं."

"शाई कच्ची होती म्हणाले."

छोगजीने वही एका काखेतून दुसरीत घेतली.

"काकासा खोटं बोलले ना? त्यांना एका डोळ्याने नीट दिसत नाही. खोटंच बोलले ना?" ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. "काल तुम्ही मला वाचून दाखवलंत. खेमाने बोट लावलं होतं. मग शाई आजची कशी?"

वाऱ्याने तळ्यातलं पाणी हलत होतं. छोगजीला एक खोटं सुचलं, मग दुसरं. दोन्ही चांगली होती. पण त्याच्याच्याने आता बोलवेना.

"तेव्हा लिहिलं नव्हतं," तो म्हणाला.

"मग काय लिहिलं होतं? लिहिलं तर होतं. तो बोट लावून आला होता."

"पाऊस नाही. चारा नाही. गुरं फार मेली."

धापूने ते ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हटलं. तिला वाटलं असावं की आपण चुकीचं ऐकलं. मग ती खाली बसली. रडली नाही. शिव्या दिल्या असत्या तर छोगजीने आनंदाने झेलल्या असत्या, पण तिने त्याही दिल्या नाहीत.

"ठाकुरांनी सांगितलं होतं?"

"हो."

"पोराच्या डोक्यावर हात ठेवून?"

"हो."

"आणि तुम्ही 'खे' कुठला ते दाखवलंत. मला सांगत होता तो. म्हणाला, आई, खेमातला 'खे' मला आता ओळखता येतो. तुरुंगाच्या भिंतीवर कोळशाने काढून दाखवला मला. वर डोंगरासारखी रेघ आणि खाली पोट."

छोगजीने तळ्याकडे तोंड फिरवलं.

"वही काढा," धापू म्हणाली.

त्याने वही काढली. तिला आता तरी नीट पाहायचं असेल असं वाटून त्याने ती ओळ तिला दाखवली. "ही बघ. ही खरी आहे. 'खे' इथे आहे. तुझंही नाव आहे."

"खोडा."

"काय?"

"खोडा म्हणते ना. या लोकांच्या रांगेत नको मला माझा पोर. भावाला मारणारा आहे ना यात? मघाशी वाचलात तुम्ही. सगळे माना डोलवत होते. त्याच्याखाली माझा खेमा नको. माझं नाव तर मुळीच नको."

"बाई, हे खरं लिहिलंय. हे एवढंच तर खरं आहे."

"तुमचं खरं तुमच्या उपयोगाचं. माझा पोर मेला तेव्हा कुठे होतं ते?" तिने पहिल्यांदाच आवाज चढवला. "माझ्यासमोर खोडा. वाचता येत नाही मला, पण खोडलेलं कळतं."

छोगजी बांधावर बसला. दौत काढली, बोरू बुडवला आणि सकाळी लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली. धापूने वाकून पाहिलं. "अजून," ती म्हणाली. त्याने आणखी रेघा मारल्या. कागद फाटेल असं वाटेपर्यंत तिने त्याला थांबू दिलं नाही. मग ती उठली, ओढणी झटकली आणि गढीकडे न वळता खालच्या वाटेने चालू लागली.

फाल्गुनात कुंवरचं लग्न थाटात झालं. नव्या भाटाने नवी वही केली. तिच्यात सतरा पिढ्या होत्या, फक्त भावाला मारणारा आता लढाईत पडलेला होता. छोगजीची गोष्ट एका गढीतून दुसरीत गेली आणि एकामागून एक दारं बंद झाली. उगमाने दोन वर्षं कळ काढली, मग ब्यावरला जाऊन गिरणीत लागला. जाताना म्हणाला, "दादा, तिथे निदान कोणी बापाचं नाव विचारत नाही."

धापू कुठे गेली ते छोगजीला मीठवाल्याकडून कळलं. ती त्या दिवशी चालत दल्ला जाटाच्या वाड्यापाशी गेली, दल्लाच्या म्हाताऱ्या आईच्या पायांशी बसली आणि गोळी कोणी झाडली ते तिने सांगितलं. म्हातारी म्हणाली, "आम्ही तिथेच होतो, बाई. आम्हाला ठाऊक होतं. आम्हीही गप्पच बसलो." त्या दिवसापासून धापू तिथेच राहिली. गढीतून दोनदा माणसं तिला न्यायला आली. दुसऱ्या खेपेला जाट काठ्या घेऊन विहिरीपाशी उभे राहिले, तेव्हा माणसं परत गेली. त्यानंतर तिला कोणी मागितलं नाही.

एकदा छोगजी मुद्दाम त्या वाटेने गेला. वय झालं होतं, दृष्टी मंदावली होती. हौदावर एक पांढऱ्या केसांची बाई गुरांना पाणी पाजत होती. तो लांबूनच थांबला. तिने मान वर करून पाहिलं. ओळखलं की नाही ते कळलं नाही. ती पुन्हा खाली वाकली, रिकामी बादली विहिरीत सोडली आणि रहाटाचा दोर ओढायला लागली. छोगजी थोडा वेळ उभा राहिला आणि मग आला तसा परत फिरला.